'टुडे!'च्या मागची अडतीस वर्षं

मिसिसिपी जॉन हर्ट या काळ्या अमेरिकन गायक-गिटारवादकाचा 'टुडे!' हा अल्बम न्यूयॉर्कच्या व्हॅनगार्ड कंपनीने १९६६ साली बाजारात आणला. बारा गाणी, एक गिटार आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा बोलल्यासारखा आवाज, एवढाच सगळा ऐवज. ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्यांचं गाणं, म्हटलं की घोगरा, आर्त, पोटातून फुटलेला आवाज ऐकायला मिळणार असं आपण धरून चालतो. इथे तसं काही नाही. हर्ट कुठेही आवाज चढवत नाही. खुनाची गोष्टसुद्धा तो हलक्या, समजुतीच्या सुरात सांगतो. या शांतपणामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात रेकॉर्ड कंपन्यांनी या माणसावर दोनदा वेगवेगळी लेबलं कशी चिकटवली हेही येतं.

अ‍ॅव्हलॉन हे मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीतलं छोटंसं खेडं. डेल्टाचा सपाट, कापूस पिकवणारा मुलूख जिथे संपतो आणि टेकड्या सुरू होतात, त्या हद्दीवर ते आहे. ही जागा लक्षात ठेवायला हवी. हर्टला सर्रास डेल्टा ब्लूजवाला म्हटलं जातं, पण त्याचं वादन डेल्टातल्या चार्ली पॅटन किंवा सन हाउसच्या वादनासारखं नाही. तो नवव्या वर्षाच्या सुमारास आपला आपणच गिटार शिकला. दिवसा बटईची शेती आणि मिळेल ती मजुरी, शनिवारी रात्री गावातल्या नाचगाण्यात गिटार, असं त्याचं आयुष्य होतं. गिटार खांद्याला लावून गावोगाव भटकणारा कलावंत तो कधीच नव्हता. काळ्यांच्या मेळाव्यात तो वाजवायचा, तसाच गोऱ्यांच्या नाचालाही. विली नार्मोर नावाचा गोरा फिडलवादक तिथलाच. त्याचा नेहमीचा गिटारवाला शेल स्मिथ आला नाही की हर्ट साथीला बसे. काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसायचीही मुभा नसलेल्या त्या काळात ही साथसंगत घडत होती.

आता रेकॉर्ड कंपन्यांकडे वळू. १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' काढलं आणि काळ्या गिऱ्हाइकालाही रेकॉर्ड विकता येते हे धंद्याच्या ध्यानात आलं. लगेच दोन कप्पे पडले. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्‌स', दक्षिणेतल्या गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली'. गावात एकाच अंगणात वाजणारं संगीत दुकानाच्या यादीत वेगवेगळ्या पानांवर गेलं. फिडलच्या स्पर्धेत पहिला आलेल्या नार्मोरला ओकेकडे ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली, तेव्हा त्याने कंपनीच्या टॉमी रॉकवेलला हर्टचं नाव सुचवलं. रॉकवेलने हर्टच्या घरी जाऊन त्याचं गाणं ऐकलं आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याला मेम्फिसला बोलावलं. तिथे झालेल्या गाण्यांपैकी फक्त दोन बाहेर आली, एकाच तबकडीच्या दोन बाजूंना.

तरी वर्षाअखेरीला कंपनीचं पुन्हा पत्र आलं. पसंत पडलेल्या दर गाण्याला २० डॉलर आणि न्यूयॉर्कला येण्याजाण्याचा खर्च. डिसेंबरच्या थंडीत हर्ट न्यूयॉर्कला गेला आणि २१ व २८ तारखेला त्याची गाणी मुद्रित झाली. नावाआधी 'मिसिसिपी' जोडलं ते कंपनीने, खप वाढावा म्हणून. त्या परक्या शहरात त्याला गावाची आठवण येत होती, ती त्याने 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या गाण्यात घातली. अ‍ॅव्हलॉन माझं गाव, ते सतत मनात असतं, असं तो त्यात सरळ गाऊन टाकतो. पुढची सगळी कहाणी या ओळीवर उभी आहे.

दोन्ही ठिकाणची मिळून बारा गाणी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि गावाकडच्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. हर्ट पुन्हा शेतावर गेला. पस्तीस वर्षं तो तिथेच होता. त्याच्या गावातल्या लोकांना तो कुठे आहे हे रोज माहीत होतं. फक्त रेकॉर्डच्या दुनियेला तो दिसेनासा झाला.

१९५२ मध्ये फोकवेज कंपनीने हॅरी स्मिथने निवडलेल्या ८४ जुन्या रेकॉर्ड्‌सचा संच काढला, 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. त्यात हर्टची दोन गाणी होती. पुढे जिला 'फोक रिव्हायव्हल' म्हणू लागले त्या लोकसंगीताच्या लाटेतल्या कितीतरी तरुणांनी हा संच अक्षरशः पाठ केला. स्मिथने संचाबरोबरच्या टिपणांत कोणता कलावंत काळा आणि कोणता गोरा हे मुद्दाम लिहिलं नव्हतं. परिणाम असा की अनेक श्रोते हर्टला वर्षानुवर्षं गोरा हिलबिली गायक समजत राहिले. कंपन्यांचे कप्पे किती पोकळ होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचं एक छोटं वर्तुळ वॉशिंग्टनमध्ये होतं. डिक स्पॉट्सवूड आणि टॉम हॉस्किन्स त्यातलेच. 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी गाण्यातलं गाव शोधायला घेतलं. चालू नकाशांवर ते नव्हतं. शेवटी एका जुन्या अ‍ॅटलासात सापडलं. मार्च १९६३ मध्ये हॉस्किन्स गाडी घेऊन तिथे पोचला, विचारपूस केली, आणि लोकांनी घर दाखवलं.

दारात अनोळखी गोरा तरुण बघून हर्टला वाटलं, हा एफबीआयचा माणूस. ही भीती अकारण नव्हती. शेजारच्या लेफ्लोर काउंटीतल्या मनी या गावात १९५५ साली एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून मारला गेला होता, आणि गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं होतं. काळ्यांच्या मतदार नोंदणीच्या चळवळीमुळे १९६३ चं मिसिसिपी धुमसत होतं. जूनमध्ये जॅक्सन शहरात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सची त्याच्याच घराच्या अंगणात हत्या झाली. अशा काळात सत्तरीच्या काळ्या मजुराने परक्या गोऱ्यावर लगेच विश्वास ठेवावा कसा? त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सने बरोबर आणलेली गिटार त्याने हातात घेतली. बोटं आखडली होती, पण वाजवण्याची ढब जशीच्या तशी होती.

गाण्यातून पत्ता सापडण्याची ही एकच गोष्ट नाही. त्याच वर्षी जॉन फाही आणि एड डेन्सन यांनी बुका व्हाइटच्या गाण्यातलं अ‍ॅबरडीन हे नाव धरून चक्क 'बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक, अ‍ॅबरडीन, मिसिसिपी' अशा पत्त्यावर पत्र टाकलं. तो मेम्फिसला राहत होता, तरी पत्र त्याला पोचलं. १९६४ च्या जूनमध्ये सन हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये सापडला, आणि त्याच सुमारास स्किप जेम्स मिसिसिपीतल्या ट्युनिकाच्या इस्पितळात. शोधणारे बहुतेक गोरे, शिकलेले, विशीतले तरुण होते. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण कोणता संगीतकार 'अस्सल' हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला, आणि अस्सल म्हणजे एकटा माणूस, लाकडी गिटार, वीज नाही, असं समीकरण बसलं. बाजारानेही ते लगेच उचललं. शिकागोत विजेच्या गिटारवर ब्लूजचा नवा आवाज घडवणाऱ्या मडी वॉटर्सकडून चेस कंपनीने १९६४ मध्ये 'फोक सिंगर' नावाचा साध्या गिटारचा अल्बम करून घेतला. अल्बम उत्तम आहे, पण काळाची मागणी काय होती हे त्याच्या नावावरूनच कळतं.

जुलै १९६३ मध्ये हर्टने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी गाणी मुद्रित केली आणि महिनाअखेरीला न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तो बसून गायला. मिसिसिपीच्या शेतातून थेट हजारो तरुणांसमोर. त्यानंतर तो वॉशिंग्टनला राहायला गेला. तिथल्या ऑन्टारियो प्लेस या कॉफीहाउसमध्ये आणि देशभरच्या महाविद्यालयांत त्याचे कार्यक्रम होऊ लागले.

व्हॅनगार्डकडे तो आला ही मला त्याच्या नशिबातली चांगली गोष्ट वाटते. सॉलोमन बंधूंनी १९५० मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी बाखचं संगीत काढायची. नंतर साम्यवादी ठरवून बहिष्कार टाकलेल्या 'वीव्हर्स' या लोकसंगीताच्या गटाला तिने आसरा दिला, आणि लोकगायिका जोन बाएझही तिचीच. वाद्य जसं वाजतं तसं टिपायचं हे या लोकांना येत होतं. निर्मितीची बाजू पॅट्रिक स्काय या तरुण लोकगायकाने सांभाळली आणि मध्ये कुठेही लुडबूड केली नाही.

त्यामुळे १९२८ च्या तबकड्यांवरच्या खरखरीत दबलेला हर्टचा अंगठा इथे स्वच्छ ऐकू येतो. हर्ट अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरतो, आणि पहिल्या दोन बोटांनी वरच्या तारांवर चाल वाजवतो, बहुतेक वेळा गाण्याचीच. कीर्तनात मागचा टाळकरी जसा बुवांचं निरूपण कुठेही गेलं तरी लय सोडत नाही, तसा हा अंगठा. चालीची बोटं ठेक्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडतात, म्हणून एका माणसाचं वादन दोघांचं वाटतं. ही नाचाची लय आहे. लोकांचे पाय हलते ठेवायचे हे त्याचं गावातलं कामच होतं.

अल्बममधली गाणी पाहिली की 'ब्लूज' या पाटीखाली काय काय आलं ते दिसतं. 'हॉट टाइम इन द ओल्ड टाउन टुनाइट' हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं लोकप्रिय गाणं. 'ब्यूला लँड' हे भजन. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' ही डोंगर फोडणाऱ्या जॉन हेन्रीच्या कथेतून निघालेली मजुराची कैफियत, आणि त्यातला मजूर हातोडा टाकून निघून जातो. 'कँडी मॅन'मध्ये चावट द्व्यर्थ आहेत आणि हर्ट ते अगदी निरागस चेहऱ्याने म्हणावेत तसे म्हणतो. 'कॉफी ब्लूज'मधल्या 'लव्हिंग स्पूनफुल' या शब्दांवरून न्यूयॉर्कच्या एका रॉक बँडने आपलं नावच घेतलं. ब्लूज स्वतंत्र प्रकार म्हणून रुजण्याआधी दक्षिणेतल्या खेड्यांत काळे गायक जे जे गात, त्याचा साठा एका माणसाच्या बोटांत टिकून होता. म्हणून मी या अल्बमला ब्लूजच्या आधीच्या काळाचा दस्तऐवज मानतो.

हर्टला हे वैभव फार दिवस लाभलं नाही. तो मिसिसिपीला परतला आणि २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनडा इथे वारला. व्हॅनगार्डकडे त्याची आणखी गाणी होती, ती नंतरच्या अल्बममधून आली. 'टुडे!'ची निवड लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००९ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत केली.

ज्यांना १९२८ ते १९६६ ही अडतीस वर्षं कानांनी मोजायची आहेत त्यांनी 'लुई कॉलिन्स' दोन्ही वेळचं ऐकावं. कॉलिन्स नावाच्या माणसाच्या खुनाबद्दल लोक बोलत होते, ते ऐकून हर्टने हे गाणं रचलं होतं. गोळ्या कोणी झाडल्या हे तो एका ओळीत उरकतो आणि रडणारी आई व देवदूतांनी केलेलं दफन यांच्यापाशी थांबतो. १९२८ च्या तबकडीला एका बाजूला तीन मिनिटांची मर्यादा होती आणि गाणं तेवढ्यात बसवलं आहे. 'टुडे!'वर तेच गाणं चार मिनिटांच्या आसपास चालतं. लय उतरली आहे, कडव्यांमध्ये गिटारला जागा मिळाली आहे, आणि आईबद्दलच्या ओळी म्हणताना हर्ट अजिबात घाई करत नाही.