शैक्षणिक शोधपत्रिकेसाठी शोधनिबंधाची सिद्धता व सादरीकरण

शिक्षणविषयक संशोधन शोधनिबंधाच्या रूपात लिहून, लेखनाची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणाऱ्या नियतकालिकाकडे ते प्रकाशनासाठी पाठविण्याची प्रक्रिया. अशा नियतकालिकाला शोधपत्रिका म्हणतात. प्रकाशनापूर्वीचा मसुदा संगणकावर लिहिलेला असला, तरी त्याला हस्तलिखित म्हणण्याचीच रूढी आहे. संशोधन नियतकालिकातून प्रसिद्ध करण्याची परंपरा १६६५ मध्ये पॅरिस आणि लंडन येथे सुरू झाली. शिक्षणाला वाहिलेल्या प्रमुख शोधपत्रिका मात्र विसाव्या शतकातल्या आहेत. ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’ ही १९१० मध्ये, तर ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ ही १९३१ मध्ये सुरू झाली.

हस्तलिखिताची तयारी शोधपत्रिकेच्या निवडीपासून सुरू होते. प्रत्येक शोधपत्रिका आपली व्याप्ती, शब्दमर्यादा आणि संदर्भपद्धती जाहीर करते, आणि मागील दोन-तीन वर्षांचे अंक चाळल्यावर तिचा खरा कल कळतो. वर उल्लेखिलेली ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ पूर्वसंशोधनाचे चिकित्सक आढावे छापते. एका शाळेत केलेला प्रयोग कितीही चोख असला, तरी त्याला तेथे जागा नाही. एकच हस्तलिखित एकाच वेळी दोन शोधपत्रिकांकडे पाठविणे हा नीतिभंग मानला जातो.

प्रायोगिक वा सर्वेक्षणात्मक निबंधात गोषवारा, बीजशब्द, प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, निष्पत्ती, चर्चा व संदर्भसूची असा क्रम बहुधा असतो. तात्त्विक किंवा ऐतिहासिक निबंधाला ही चौकट लागू पडत नाही आणि ती त्याच्यावर लादूही नये. शिक्षणक्षेत्रात अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनशैली, म्हणजेच ‘एपीए’, फार प्रचलित आहे. १९२९ मध्ये सात पानी लेख म्हणून प्रसिद्ध झालेल्या या नियमांची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. गोषवारा साधारणतः २५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. संपादक प्रथम तोच वाचत असल्याने ‘निष्पत्तींची चर्चा केली आहे’ असे मोघम वाक्य न लिहिता निष्पत्ती काय हे तेथेच सांगावे.

निबंधाचे बळ मुख्यत्वे पद्धतीच्या भागात असते. उदाहरणार्थ, एका शाळेतील दोन तुकड्या घेतल्या, प्रत्येकीत चाळीस विद्यार्थी, एकीला नव्या पद्धतीने व दुसरीला नेहमीच्या पद्धतीने शिकविले, आणि पहिलीचे सरासरी गुण अधिक आले, असे समजू. लेखक ‘८० विद्यार्थ्यांवरील प्रयोग’ असे लिहितो. पण या दोन तुकड्यांना दोन वेगळे शिक्षक शिकवीत असतील, तर गुणांतील फरक पद्धतीमुळे पडला की शिक्षकामुळे, हे या माहितीवरून सांगता येत नाही. शिवाय एका तुकडीतले विद्यार्थी एकाच वातावरणात शिकत असल्याने त्यांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. म्हणून तुकड्या कशा ठरल्या, कोणी शिकविले, किती तासिका झाल्या, पूर्वचाचणीत दोन्ही गट कोठे होते आणि मधूनच किती विद्यार्थी गळाले, हे सारे लिहावे लागते. दावाही त्या बेताचाच करावा लागतो. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवाललेखनाच्या मानकांचा गाभा हाच आहे : निष्कर्षाला पुरेसा आधार हवा आणि तो आधार वाचकाला तपासता येईल इतकी पारदर्शकता हवी. गुणात्मक संशोधनात आकड्यांची जागा मुलाखती व निरीक्षणे घेतात, पण जबाबदारी तीच राहते. शेकडो उताऱ्यांतून हेच चार का उद्धृत केले, आणि संशोधक स्वतः त्या शाळेत शिक्षक होता काय, हे वाचकाला कळले पाहिजे.

अभ्यास मुलांचा असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलांची स्वतःची तयारी, दोन्ही आवश्यक ठरतात. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागत असल्यास ती माहिती गोळा करण्यापूर्वी घ्यावयाची असते. नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे नव्हे. ‘गावातील एकमेव माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका’ एवढे लिहिले, तरी ती व्यक्ती कोण हे शेजारच्या गावालाही कळते.

अनेक शोधपत्रिकांत समीक्षा दुहेरी निनावी असते, म्हणजे लेखक आणि समीक्षक एकमेकांना अज्ञात राहतात. त्यामुळे नाव, संस्था व आभार केवळ स्वतंत्र शीर्षकपृष्ठावर देतात. ‘आमच्या पूर्वीच्या अभ्यासात’ अशी वाक्ये तृतीयपुरुषी करतात आणि फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नावही पुसतात. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. सादरीकरण ऑनलाइन प्रणालीतून होते. त्यात संपादकास पत्र, सर्व लेखकांची संमती, हितसंबंध व अर्थसाहाय्य यांची निवेदने आणि पुष्कळदा संशोधकाची ओळख पटविणारा सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक मागतात. प्रकाशननीती समिती अर्थात ‘कोप’ हिने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून नोंदविता येणार नाही. वापर झाला असल्यास तो उघड करावा.

हस्तलिखित विषयाला धरून नसल्यास संपादक ते समीक्षेविनाच परत करतात. अन्यथा ते बहुधा दोन किंवा तीन समीक्षकांकडे जाते, आणि नकार, मोठी दुरुस्ती, किरकोळ दुरुस्ती किंवा स्वीकृती असा निर्णय येतो. पहिल्याच फेरीत बिनशर्त स्वीकृती क्वचितच मिळते; मोठी दुरुस्ती सुचविली जाणे हे चांगले लक्षण समजावे. सुधारित प्रतीसोबत प्रत्येक शेऱ्याला क्रमवार उत्तर द्यावे लागते. ‘दुरुस्ती केली’ एवढे उत्तर अपुरे असते. ‘गळतीची आकडेवारी पृष्ठ ९ वरील दुसऱ्या तक्त्यात जोडली असून चर्चेतील दावा त्यानुसार सौम्य केला आहे’ असे लिहिल्यास समीक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही. एखादी सूचना पटली नाही तर ती न स्वीकारण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे, मात्र कारण पुराव्यानिशी आणि आदराने मांडावे.

समीक्षेचा देखावा करून शुल्क उकळणाऱ्या शोधपत्रिका नवख्या संशोधकांचे मोठे नुकसान करतात. मुक्त प्रवेशासाठी, म्हणजे निबंध वाचकांना विनामूल्य खुला ठेवण्यासाठी, लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या सर्वच शोधपत्रिका तशा नसतात; परंतु आठवड्याभरात स्वीकृतीची हमी देणारे, संपादक मंडळाचा पत्ता लागू न देणारे निमंत्रण दूर ठेवावे.

स्वीकृतीनंतर प्रताधिकाराचा किंवा परवान्याचा करार होतो आणि मुद्रिते, म्हणजे जुळणी केलेल्या छपाईपूर्व प्रती, तपासण्यासाठी येतात. या टप्प्यावर नवा मजकूर घालता येत नाही. तक्त्यांतील आकडे, नावांची वर्णरचना व संदर्भ मूळ प्रतीशी ताडून पाहावयाचे असतात. त्यानंतर निबंधाला ‘डीओआय’ हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक मिळतो, आणि पुढे चूक आढळल्यास ती गुपचूप न बदलता स्वतंत्र शुद्धिपत्र प्रसिद्ध करतात.