संगणकाच्या तासाला सुगम्यता: उशीर कुठे झाला?

सुगम्यता म्हणजे दिव्यांगांसह सगळ्यांना वापरता येईल असं काही बनवणं. शाळेत संगणकाच्या तासाला ती यायला उशीर कुठे झाला, ते बघू. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी हे नियम पहिल्यांदा १९९९ साली आले. चित्राचं शब्दांत वर्णन द्या, नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका, अशी त्यांतली साधी कलमं. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली २००९ मध्ये. हे सगळं संकेतस्थळं बनवणाऱ्यांसाठी होतं. शाळकरी मुलं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती आणि त्यात नवल नाही. तेव्हा मुलं वेब फार तर वाचायची. आज सातवीतली मुलगी स्नेहसंमेलनाचं पोस्टर करून ग्रुपवर टाकते.

मराठीचा घोळ मात्र आणखी जुना. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याच्या काळात श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टांवर सगळी छपाई चालली. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘नाशिक’ दिसतं, पण फाइलमध्ये साठलेलं असतं यू, के, एफ, मग एक एकेरी अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि डी. डोळसाला काही फरक पडत नाही. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र त्या इंग्रजी अक्षरांचाच गोंधळ बोलून दाखवतो. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर २००६ पासून तयार होऊ लागला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो सुरू केला. युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षर त्याच्या स्वतःच्या संकेताने साठवलेलं मराठी एनव्हीडीएला वाचता येतं. कृतिदेवपुढे त्याचं काही चालत नाही. युनिकोड आल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता, पण आपण मजकुराचा फोटो काढून पाठवायला लागलो, आणि फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरला मजकूर म्हणून मिळत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत गृहपाठही तसाच व्हॉट्सॲपवर आला.

कायदा याबाबतीत शाळेच्या पुढे होता. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम ३९ हे हक्क शाळांच्या अभ्यासक्रमात आणायला सांगतं. प्रत्यक्षात ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, भाषण आणि चित्रकला स्पर्धा उरकली की झालं. हे नाशिकात जास्त खटकतं, कारण अंधांसाठी काम करणाऱ्या नॅब या संस्थेचं महाराष्ट्र युनिट इथेच, सातपूरला आहे. स्क्रीन रीडर रोज वापरणारा माणूस वर्गात बोलवायला कुठे लांब जायला नको. मुलांनी ग्रुपसाठी लिहिलेली सूचना (नोटीस) त्याने वर्गातच फोनवर ऐकून दाखवावी. तासभराच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त कळेल.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे अनुच्छेद २१ चा, भाग ठरवला. केवायसी, म्हणजे बँक वगैरेंसाठी ओळखीची पडताळणी, करताना डोळे मिचकावून दाखवा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते जमेना, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. आठवीच्या वर्गाला हा खटला समजावून सांगायला वेळ लागणार नाही. आजोबांचं केवायसी घरात बहुधा या मुलांनीच करून दिलेलं असतं.