ट्रायजेमिनल न्यूराल्जियावरील शस्त्रोपचार

चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ उठणे, हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या दुखण्याचे लक्षण. कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची. पण चूळ भरली, दाढी केली, लोकलच्या दारात गालाला वारा लागला, तरी उठते. मुंबईतही असा रुग्ण बहुधा आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि एखादी धडधाकट दाढ नाहक गमावतो. दुखते ती मेंदूतून निघणारी पाचवी नस, म्हणजेच ट्रायजेमिनल. चेहरा हलवणारी सातवी वेगळी. तोंड वाकडे होणे हा निराळा आजार.

१९६० च्या दशकापासून कार्बामाझेपिन हेच पहिले औषध आहे. गुंगी, तोल जाणे, रक्तातले सोडियम उतरणे यांमुळे गोळी सोसेनाशी झाली किंवा पुरेनाशी झाली, की एमआरआय पाहून पुढचा विचार होतो.

नसेवर टेकलेली रक्तवाहिनी हे बहुतेकांतले कारण. त्यावर थेट इलाज म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन; पीटर जॅनेटा या अमेरिकन सर्जनने ही शस्त्रक्रिया रूढ केली. कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून धमनी अलगद बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. नस शाबूत राहते, आराम बहुधा वर्षानुवर्षे टिकतो. पण ही कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया. त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका असतो.

वय किंवा हृदयविकार आड आला तर सुईचा मार्ग. ओठांच्या कोपऱ्याजवळून गालात शिरवलेली सुई एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कवटीच्या तळाच्या छिद्रातून नसेच्या गाठीपर्यंत (तिच्या पेशींच्या पुंजक्यापर्यंत) नेतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे सुईतून वीजलहरी सोडून नस तापवण्याच्या पद्धतीत, रुग्णाला मधेच जागे करून ‘मुंग्या कुठे येतात? हनुवटीला की गालाला?’ असे विचारतात. जागा जुळली की पुन्हा गुंगी देऊन नस तापवतात. ग्लिसरॉल टोचणे किंवा इवलासा फुगा फुगवून नस दाबणे हे दुसरे पर्याय. या सगळ्यांत कळ जाते ती थोड्या बधिरतेच्या बदल्यात, आणि काही वर्षांनी परतूही शकते. हा सौदा रुग्णाला आधीच नीट सांगायला हवा. घाईच्या ओपीडीत तेच राहून जाते.

गॅमा नाइफमध्ये चिरफाड नाही, फक्त डोक्याला चौकट आवळून नसेच्या मुळावर किरणांचा मारा करतात. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात ही सोय आहे. परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.