रस्टमध्ये स्ट्रिंगच्या यादीवर फिरायला क्लोन लागत नाही

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: स्ट्रिंगच्या (मजकुराच्या तुकड्यांच्या) व्हेक्टरवर, म्हणजे यादीवर, लूप चालवून तो पुढेही वापरायचा, तर आधी त्याचा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करायलाच हवा. हे खरं नाही.

समज कुठून येतो ते कळतं. फॉर लूपला व्हेक्टर नुसता दिला, की त्याची मालकीच (तो वापरण्याचा आणि शेवटी त्याची मेमरी मोकळी करण्याचा हक्क) लूपकडे जाते. नंतर तोच व्हेक्टर वापरायला गेलं, की कंपायलर ई०३८२ ही चूक दाखवतो. घाईत क्लोन जोडला की चूक जाते, आणि सवय लागते.

पण क्लोन म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगसाठी हीपवर (गरजेनुसार मागून घ्यायच्या मेमरीत) नवी जागा आणि सगळ्या अक्षरांची नक्कल. लाखभर नावं नुसती वाचायला एवढा खटाटोप कशाला? व्हेक्टरच्या नावाआधी अँपरसँड (&) लावा. लूपला फक्त उसने संदर्भ मिळतात, मालकी तुमच्याकडेच राहते. जागच्या जागी बदल करायचा असेल, तर अँपरसँडनंतर म्यूट (mut) लिहा. कंपायलर अनेकदा हा अँपरसँड स्वतःच सुचवतो. तो संदेश शेवटपर्यंत वाचाच.

यादी पुन्हा लागणार नसेल, तर मालकी खुशाल देऊन टाका. ६४-बिट यंत्रावर स्ट्रिंगचा पत्ता, लांबी आणि क्षमता मिळून २४ बाइटच हलतात, मजकूर जागेवरच राहतो. लूप मध्येच ब्रेकने तोडला, तरी उरलेल्या स्ट्रिंगची मेमरी गळत नाही. लूपला एकेक स्ट्रिंग पुरवणारा इटरेटर संपताना ती मोकळी होते.

क्लोनची खरी गरज तेव्हा, जेव्हा मूळ यादीही हवी आणि तिच्याहून जास्त टिकणारी स्वतंत्र प्रतही.