अमेरिकेतली टिप : बक्षीस नव्हे, पगारच

मुलाकडे अमेरिकेत गेलेले आईवडील पहिल्यांदा बाहेर जेवायला गेले की एक प्रसंग हमखास घडतो. कार्डाने बिल भागल्यावर वेटर कागदाची पट्टी आणून ठेवतो. तिच्यावर टिपची ओळ कोरी असते, आणि मुलगा साठ डॉलरच्या बिलावर निमूटपणे बारा डॉलर लिहितो. बाराला रुपयांनी गुणून आई म्हणते, "अरे, एवढे कशाला? सांगितलं तेच तर आणून दिलं त्याने!"

तिचं चुकत नाही. आपल्याकडे टिप म्हणजे बडीशेपेच्या बशीत मागे सोडलेले पैसे. बक्षीस हा शब्दच फारसीतून आला तो देणाऱ्याच्या मर्जीसकट. दिवाळीची पोस्तही तशीच, पगार हातात पडल्यावर वरून मिळणारी. अमेरिकेतली टिप मात्र पगाराच्या आतली आहे. ती तिथे कशी जाऊन बसली, याची गोष्ट जुनी आहे आणि फारशी सुखाची नाही.

प्रथा मूळची युरोपातली. इंग्लंडमध्ये बड्या घरी मुक्कामाला गेलेला पाहुणा निघताना नोकरांच्या हातावर पैसे ठेवत असे. पुढे नोकर ते हक्काने मागू लागले आणि 1760 च्या दशकात ही चाल बंद करायचे प्रयत्न झाले, तेव्हा लंडनमध्ये नोकरांनी दंगा केला. फ्रेंचांचा 'पूरब्वार' आणि जर्मनांचा 'ट्रिंकगेल्ड' या दोन्ही शब्दांचा अर्थ प्यायला दिलेले पैसे. आपल्या चहापाण्याचेच हे भाऊबंद.

अमेरिकेत टिप रुजली ती 1865 साली यादवी युद्ध संपल्यावर. युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी ही चाल सोबत आणली. पण तिचं मूळ धरलं ते दुसऱ्याच कारणाने. गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले लाखो कृष्णवर्णीय काम शोधत होते आणि मालकांना त्यांना पुरेसा पगार द्यायचा नव्हता. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीच्या रेल्वे शयनयानांत तर पोर्टर म्हणून बहुतेक अशाच माणसांना घेतलं गेलं. बिछाने घालायचे, बूट चमकवायचे, रात्री-अपरात्री घंटी वाजली की धावायचं. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. नाव काहीही असो, प्रवासी त्यांना 'जॉर्ज'च म्हणत, मालकाच्या नावावरून. गुलामांनाही मालकाच्याच नावाने ओळखत. आपलं नाव पुसून हसत हात पुढे करावा लागणाऱ्या त्या माणसाला काय वाटत असेल, हे मनातून जात नाही. या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून, 1937 मध्ये, कंपनीला करारावर सही करायला लावली.

टिप अमेरिकेला तेव्हाही सर्वमान्य नव्हती. ही सरंजामी लाचारी आहे, लोकशाहीला शोभत नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर कायद्याने बंदी घातली, मागोमाग आणखी काही राज्यांनीही. पण 1926 पर्यंत हे सगळे कायदे गेले. मालकाच्या खिशाला सोयीची गोष्ट कायद्याने सहसा मोडत नाही.

आणि मग कायद्यानेच तिला आधार दिला. 1938 मध्ये देशभरासाठी किमान वेतन ठरलं, पण हॉटेलकामगार बहुतांशी त्याबाहेर राहिले. 1966 च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतलं, तेही एका मेखेसह. किमान वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग मालकाने न देता गिऱ्हाइकाच्या टिपमधून वळता करून घ्यायचा. 1991 मध्ये मालकाचा वाटा तासाला 2.13 डॉलर झाला. 1996 मध्ये किमान वेतन वाढवताना हा वाटा तिथेच गोठवला गेला. 2009 पासून केंद्रीय किमान वेतन 7.25 डॉलर आहे, पण तो आकडा अजून 2.13 च आहे. टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकाने द्यावा असं कायदा सांगतो. पण तो मागायचा कोणाकडे, तर ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्याकडे.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. तिथे 1987 पासून पदार्थाच्या छापील किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात. वर सुटे ठेवले तर ती खुशी. जपानमध्ये उपाहारगृहात टिप ठेवली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येण्याचीच शक्यता जास्त.

अमेरिकेतही सगळीकडे सारखं नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, अलास्का, मोंटाना आणि मिनेसोटा या सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तरी टिपची रीत तिथेही तीच आहे, बसून जेवलात तर साधारण 15 ते 20 टक्के. जेवण आवडलं नाही तर मॅनेजरला बोलावून सांगावं. टिपची ओळ कोरी ठेवली तर शिक्षा स्वयंपाकघराला नव्हे, वाढणाऱ्याला होते. सहा-आठ जण एकत्र गेलात तर बिल आधी नीट वाचावं. मोठ्या टेबलाला बऱ्याच ठिकाणी 'ग्रॅच्युइटी' म्हणून 18 किंवा 20 टक्के आधीच लावलेले असतात. तसं असेल तर खालची ओळ कोरी सोडायला हरकत नाही.