परक्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपखाली दिसलेला हिरवा प्रकाश

विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांत आज बहुतेक ठिकाणी इमेजिंगचा सामायिक कक्ष असतो. कोणी माशीचा मेंदू घेऊन येतो, कोणी यीस्ट, कोणी मुळाचं टोक. वेळ नोंदवायची आणि त्याच कॉन्फोकलवर, म्हणजे नमुन्याच्या एकेका थराचं स्पष्ट चित्र देणाऱ्या मायक्रोस्कोपवर, बसायचं. ही गर्दी का वाढली, याचं मोठं कारण एका जेलीफिशमध्ये आहे.

ओसामू शिमोमुरा यांनी १९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. त्यांतून मिळालेल्या, प्रकाश टाकला की हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाची, म्हणजे जीएफपीची (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन), नोंद १९६२मध्ये झाली. पुढची तीस वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मार्टिन चाल्फी यांनी १९८९मध्ये एका व्याख्यानात त्याविषयी ऐकलं. ते अभ्यासत होते तो कृमी पारदर्शक, त्यामुळे जिवंतपणीच त्याच्या पेशी उजळतील ही कल्पना त्यांना लगेच पटली.

हे प्रथिन बनवणारं जनुक वेगळं केलं ते डग्लस प्रॅशर यांनी, १९९२मध्ये. ते त्यांनी इतरांना मोकळेपणाने पाठवलं. या कथेतला मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग हाच. चाल्फींच्या विद्यार्थिनी गिया युस्किर्शेन यांनी जनुकाचा नेमका प्रथिनासाठीचा तुकडाच जीवाणूंत घातला. चाल्फींचा मायक्रोस्कोप या कामाला पुरेसा नव्हता, म्हणून त्या आपल्या आधीच्या, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे, ऑक्टोबर १९९२मध्ये, जीवाणू हिरवे चमकताना दिसले. जेलीफिशमधल्या दुसऱ्या कुठल्याही घटकाची मदत लागली नाही, आणि खरी क्रांती तीच होती. फेब्रुवारी १९९४च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात कृमीच्या स्पर्शपेशींसह हे काम प्रसिद्ध झालं.

तोवर प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) वापरून पेशीतलं प्रथिन रंगवायचं तर पेशी आधी मारून स्थिर करावी लागे. आता कुठल्याही सजीवाच्या प्रथिनाला जीएफपीची शेपटी जोडता येऊ लागली. म्हणजे जी प्रयोगशाळा कधी मायक्रोस्कोपच्या वाट्याला गेली नव्हती तिलाही चित्र हवंसं झालं.

उपकरण तयारच होतं. केंब्रिजमध्ये जॉन व्हाइट, ब्रॅड एमॉस आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये लेझर कॉन्फोकल वापरून दाखवला होता. गर्भाच्या चित्रांत खालच्या-वरच्या थरांचा धूसर उजेड मिसळतो, तो त्यांना वगळायचा होता. पण यंत्र महाग, लेझर जपावे लागणारे, आणि ते सतत सांभाळायला माणूस हवा. एकट्या गटाला हे झेपत नसे, म्हणून खर्च विभागांत वाटला गेला. चित्रं वाचायला वेन रॅसबँड यांचं ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर १९९७मध्ये आलं आणि मोजमाप आपापल्या संगणकावर करता येऊ लागलं.