मॅक्रो छायाचित्रणातील फोकस

मॅक्रो छायाचित्रणात लहान जीव किंवा फूल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मूळ आकाराएवढे, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटते. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा थर अतिशय पातळ असतो. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ ठेवले, तर तो जेमतेम १ मिलिमीटर भरतो. मुंगळ्याचा डोळा रेखीव येतो आणि पोट धूसर होते ते यामुळेच.

अ‍ॅपर्चर बारीक केले (एफचा आकडा वाढवला) की थर जाड होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. १:१ ला एफ/१६ हे जवळपास एफ/३२ सारखे वागते. प्रकाश घटतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. हातात कॅमेरा धरून काम करताना एफ/८ ते एफ/११ ही मर्यादा योग्य.

ऑटोफोकस इथे सहसा पुढेमागे भरकटतो. त्यामुळे जाणकार फोकस-रिंग ठरलेल्या प्रमाणावर ठेवतात, कोपर गुडघ्यावर टेकवतात आणि किंचित पुढेमागे झुकत डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबतात. कीटक बसलेली काडी डाव्या हातात धरून त्याच हातावर लेन्स टेकवणे ही त्याहून सरस युक्ती, कारण मग काडी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. पंख मिटलेले फुलपाखरू बरोबर बाजूने, सेन्सर पंखाला समांतर ठेवून टिपले, तर अख्खा पंख त्या पातळ थरात मावतो. कोनाचा हा विचार महागड्या लेन्सपेक्षा जास्त फळ देतो.

पुणे परिसरात वेताळ टेकडी, तळजाई आणि सप्टेंबरात सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला सिंहगड ही या छंदाची हक्काची ठिकाणे. पावसाळ्यात माथ्यावर वारा ठरू देत नाही. म्हणून भल्या पहाटे, उन्हे तापण्याआधी जावे. गारव्याने सुस्तावलेले चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच, पण बारीक कीटक) गवताच्या पात्यावर बराच वेळ बसून राहतात. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या सावलीत उजेड अपुरा पडतो. तिथे डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश कामी येतो: कमी शक्तीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ चमकतो आणि हाताचा कंप चित्रात उतरत नाही.

फोकस स्टॅकिंगमध्ये फोकस थोडाथोडा सरकवत बरेच फोटो काढून संगणकावर त्यांतले स्पष्ट भाग जोडतात. प्रजाती ओळखायला कोळ्याच्या पायांवरचे केसही दिसावे लागतात, तेव्हा ही पद्धत अमोल आहे. मात्र जीव हलला की जोड फसते. त्यासाठी किडा फ्रीजमध्ये गारठवणे क्रूर आहे आणि ते कोणीही करू नये.